परसातला कांदा का पोसत नाही?

परसबागेतल्या कांद्याच्या तक्रारी बहुतेक करून फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐकू येतात. पात हिरवीगार आहे, पण खाली कांदाच नाही. अर्ध्या रोपांना डेंगळे आले. जो निघाला तो जोड निघाला. शेंडे पिवळे पडून वाळत चालले आहेत. आणि विचारणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: आता काय फवारू, काय घालू? मिरची, वांगी, टोमॅटो यांच्या बाबतीत हा प्रश्न रास्त आहे. ती झाडे महिनोन्‌महिने फुलत राहतात आणि आज केलेली दुरुस्ती पुढच्या तोड्यात दिसते. कांद्याला तोडा एकच. फेब्रुवारीत दिसलेल्या दोषाचे मूळ बहुधा ऑक्टोबरात असते. बी कोणते घेतले, ते कधी टाकले, रोप किती दिवसांचे झाल्यावर लावले, या तीन गोष्टींत निम्म्याहून अधिक तक्रारींची उत्तरे सापडतात. म्हणून कांद्याचे निदान करायचे तर उलटे, मागे मागे जात करावे लागते.

त्यासाठी आधी कांदा म्हणजे काय ते पाहू. आडवा कापल्यावर दिसणारी बहुतेक कडी ही पानांच्या बुडख्यांची असतात. रोप आधी पाने काढत राहते. मग दिवसाची लांबी आणि उष्णता यांचा ठरावीक मेळ जमला की ते नवी हिरवी पाने काढणे थांबवते आणि बुडख्यांत साठा भरू लागते. तोवर जेवढी पाने झाली असतील, त्या मानाने कांदा मोठा होतो. चार पानांवर असताना वेळ आली तर गोल्टी निघते, दहा पानांवर आली तर भरदार कांदा. आणि वेळ आलीच नाही, तर पात वाढत राहते आणि खाली बोटाएवढी जाड मान तेवढी मिळते.

झाडे दिवसाची लांबी मोजतात हे १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू-सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडले. पुढे १९३७ मध्ये मॅग्रुडर आणि अ‍ॅलार्ड यांनी कांद्याच्या अनेक जाती वेगवेगळ्या लांबीच्या दिवसांत वाढवून पाहिल्या, आणि प्रत्येक जातीला गाठ धरायला किमान किती तासांचा दिवस लागतो हे जातीजातीनुसार बदलते असे दाखवून दिले. आपल्या गच्चीवरच्या कुंडीला याच्याशी थेट कर्तव्य आहे. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सुमारे सव्वातेरा तासांचा. आपल्याकडच्या जाती याच पट्ट्यात निवडलेल्या आहेत. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटावर किलोभर वजनाच्या कांद्याचे चित्र असते आणि जात ‘आयल्सा क्रेग’ किंवा ‘वाला वाला’ असते. या थंड, उत्तरेकडच्या देशांतल्या जाती, त्यांना १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. तेवढा दिवस महाराष्ट्रात कधीच उगवत नाही. त्या रोपाला कितीही खत घाला, ते वाट बघत पात वाढवत राहील. असे पाकीट हाती आले असेल तर पातीसाठी वापरावे आणि कांद्याची आशा सोडावी.

उलटी अडचण न्यू जर्सीत किंवा इंग्लंडात राहणाऱ्या मराठी मंडळींची होते. गावाकडून आणलेले उन्हाळी कांद्याचे बी ते एप्रिलमध्ये हौसेने पेरतात. तिथे एप्रिलमध्येच दिवस तेरा तासांच्या पुढे गेलेला असतो. आपल्या जातीला बारा तासांच्या आसपास पुरे होतात, म्हणून रोप तीन-चार पानांवर असतानाच गाठ धरते आणि सुपारीएवढे कांदे हाती लागतात. माती वाईट नसते, हातही वाईट नसतो. तिथल्या अक्षांशाला जुळणारी स्थानिक जात घेणे हाच त्यावरचा उपाय आहे.

आपल्या राज्यातही सगळे बी सगळ्या हंगामांना चालत नाही, आणि घरच्या बागेत सर्वांत जास्त फसगत इथेच होते. महाराष्ट्रात कांद्याचे तीन हंगाम आहेत. खरिपाचे, म्हणजे पोळ कांद्याचे बी मे-जूनमध्ये टाकतात, जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि दिवाळीच्या आगेमागे काढतात. रांगड्याचे रोप ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टाकून ऑक्टोबरच्या सुमारास लागण होते आणि जानेवारीपासून काढणी. रब्बीचे, म्हणजे उन्हाळी कांद्याचे रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकायचे, डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत लावायचे आणि एप्रिल-मेमध्ये काढायचे. खरिपाला बसवंत ७८०, एन-५३, भीमा सुपर, अ‍ॅग्रीफाउंड डार्क रेड. खरीप आणि रांगडा दोन्हींना फुले समर्थ. रब्बीला एन-२-४-१, भीमा किरण, अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड. भीमा शक्ती रांगडा आणि रब्बी दोन्हींत येतो. ‘भीमा’ नावाच्या जाती राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या, ‘फुले’ राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची, ‘अ‍ॅग्रीफाउंड’ नाशिकच्या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानच्या. हे एवढ्यासाठी सांगितले की पाकिटावर नुसते ‘लाल कांदा’ लिहिलेले असेल तर ते घेऊ नये. जातीचे नाव आणि हंगाम दोन्ही हवेत. रब्बीची जात खरिपात लावली तर पात माजते आणि कांदा धरत नाही. खरिपाची जात रब्बीत लावली तर डेंगळे आणि जोड कांदे वाढतात. एन-२-४-१ जूनमध्ये पेरून ऑक्टोबरात ‘खत कमी पडले का’ असे विचारणारे मी बरेच पाहिले आहेत. खताचा तिथे काही संबंध नसतो.

बियाच्या वयाचीही चौकशी करावी. कांद्याचे बी फार अल्पायुषी. घरच्या दमट हवेत वर्षभरात त्याची उगवण झपाट्याने घसरते. मागच्या हंगामातले उरलेले पाकीट वापरायचेच असेल तर पंचवीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठ-दहा दिवस ठेवाव्यात आणि किती मोडावतात ते पाहावे. निम्म्याही आल्या नाहीत तर नवे बी घ्यावे. एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया असतात आणि एक चौरस मीटरच्या वाफ्याला साठ-पासष्ट रोपे पुरतात, तेव्हा खर्च नगण्य आहे. आणि वाण्याकडची कलौंजी पेरू नये. ती कांद्याच्या बियासारखी काळी दिसते, कित्येक घरांत तिला कांद्याचेच बी समजतात, पण ते निराळेच झाड आहे.

आता डेंगळ्यांविषयी. रोपाच्या मधून पोकळ, जाड दांडा वर येतो आणि टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा धरतो, तोच डेंगळा. कांदा हे मुळात दोन वर्षांचे झाड: पहिल्या वर्षी साठा करायचा, थंडी काढायची, दुसऱ्या वर्षी फुलून बी धरायचे. मान पेन्सिलीएवढी जाड झालेल्या रोपाला काही आठवडे दहा अंशांच्या आसपासची थंडी लागली की ते आपला पहिला हिवाळा उलटला असे धरून फुलोऱ्याला लागते. त्याच थंडीत बारीक रोप असेल तर त्याला काही होत नाही. रांगड्यात डेंगळे सर्वांत जास्त का, याचे उत्तर यातच आहे. ऑक्टोबरात लावलेले रोप डिसेंबरअखेर नेमके त्या जाडीला पोहोचलेले असते आणि निफाड-नाशिककडे रात्री तेव्हाच कडाक्याच्या होतात. मुंबईच्या गच्चीवर किंवा कोकणपट्टीत हा प्रश्न फारसा येत नाही, तिथे तेवढी थंडीच पडत नाही. देशावरच्या बागेत मात्र वेळ सांभाळावी लागते. रोप सात-आठ आठवड्यांपेक्षा जुने झालेले लावू नये. लवकर लावण्याची घाई करू नये. वाफ्यात नत्राची उपासमार होऊ देऊ नये, उपाशी रोप लवकर फुलते.

डेंगळा दिसल्यावर तो मोडून टाकावा असा सल्ला सगळीकडे मिळतो. मोडल्याने कांदा वाचत नाही. दांड्याचा कडक गाभा कांद्याच्या मधोमध गेलेलाच असतो आणि साठवणीत तिथूनच सड सुरू होते. असा कांदा ताबडतोब उपटून स्वयंपाकात वापरावा. दांडा कोवळा असेल तर तोही चिरून भाजीत चालतो. त्याहून मोठी चूक मात्र वेगळी आहे. आयते बी मिळाले म्हणून पहिल्याच वर्षी डेंगळलेल्या रोपाचे बी धरून ठेवणे. हे केले की आपण लवकर डेंगळणारीच रोपे वेचून त्यांचा वंश वाढवत जातो. बी धरायचे तर नीट पोसलेला, एका डोळ्याचा, साठवणीत टिकलेला कांदा निवडून थंडीच्या तोंडावर लावावा. शेतकरी याला गोट लावणे म्हणतात. कांद्याचे परागीभवन मधमाश्या करतात, आणि शेजारच्या शेतात दुसरी जात फुलावर असेल तर भेसळ होणारच. बीजोत्पादनात दोन जातींमध्ये किलोमीटरभराहून अधिक अंतर राखतात ते त्यासाठीच. शहरातल्या बागेत हे साधणे कठीण, म्हणून दरवर्षी ताजे बी विकत घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

स्वयंपाकघरातला कोंब फुटलेला कांदा कुंडीत खोचणाऱ्यांचीही निराशा याच कारणाने होते. त्या कांद्याचे पहिले वर्ष शेतात होऊन गेलेले असते. तो मोठा होणार नाही. साठा खर्चून पात देईल, आत दोन-तीन डोळे असतील तर तेवढे फुटवे काढील आणि थंडी मिळाली तर फुलेल. पातीसाठी हा प्रकार उत्तम आहे, आठवड्या-दोन आठवड्यांत ताजी पात मिळते, मुलांनाही बघायला आवडते. कांदा हवा असेल तर बियापासून रोप, याला पर्याय नाही.

पातीवरून आठवले. घरच्या बागेत कांदा बारीक राहण्याचे एक कारण शेतात सहसा नसते, ते म्हणजे झुणक्याला चार पाने, आमटीला दोन पाने असे करत आपणच पात खुडतो. प्रत्येक पान म्हणजे कांद्याचे एक कडे आणि ते भरणारा कारखाना. पात आणि कांदा दोन्ही हवे असतील तर दुप्पट दाट लागण करावी आणि महिना-दीड महिन्याने एकाआड एक रोप मुळासकट उपटून पातीचा कांदा म्हणून खावे. उरलेल्यांना आपोआप जागा मिळते. शेवटी दोन ओळींत १५ आणि दोन रोपांत १० सेंटीमीटर अंतर राहायला हवे. पात पिरगाळून आडवी केली की कांदा लवकर फुगतो, असेही अनेक जण सांगतात. वाढीच्या भरात पात मोडली तर कांद्याचे अन्नच तुटते.

रोपवाटिकेबद्दल थोडक्यात. बी सेंटीमीटरभर खोल, ओळीत, विरळ टाकावे. रोपे उगवून आल्यावर जमिनीलगत कुजून आडवी पडू लागली तर ती मर आहे. दाट पेरणी आणि सतत ओली माती ही तिची दोन कारणे. गादीवाफा किंवा भोकांचा ट्रे घ्यावा, शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळावे, पाणी सकाळी द्यावे. खरिपाचे रोप सहा-सात आठवड्यांत, रब्बीचे सात-आठ आठवड्यांत लावायला तयार होते. लावताना पानांचा वरचा एक तृतीयांश भाग कापावा. रोप खोल खुपसू नये, मुळे आणि बुडखा मातीत जाईल एवढेच. कांदा जमिनीच्या पृष्ठभागावरच फुगतो. बटाट्याला लावतात तशी मातीची भर त्याला लावली तर तो लांबट होतो आणि मानेला ओल राहते. अर्धा कांदा उघडा दिसला की माती ओढण्याचा मोह होतो. तो आवरावा.

मग ऊन. दिवसाला सहा-सात तास थेट ऊन मिळत नसेल तर कांदा लावू नये, लसणाची किंवा कांद्याची पात लावावी. फ्लॅटच्या गॅलरीत पात लुसलुशीत येते आणि खाली काही नसते, त्याचे कारण बहुधा हेच. कुंडी फार खोल लागत नाही. कांद्याची मुळे वरच्या वीत-दीड वीत मातीतच पसरतात, वीसेक सेंटीमीटर खोलीची पसरट पिशवी किंवा क्रेट पुरतो. पण मुळे उथळ असल्यामुळेच पाण्याची हयगय कांद्याला सोसत नाही. वाफा चार दिवस कडक वाळू दिला आणि मग एकदम भरपूर पाणी दिले की थांबलेली वाढ जोमाने सुरू होते, बाहेरची साल फाटते आणि आत दोन डोळे वेगळे फुगतात. जोड कांद्याची इतर कारणे म्हणजे जातीचा गुण, जुने रोप, फार विरळ लागण आणि जादा नत्र. पण घरच्या बागेत सगळ्यांत आधी पाण्याकडे पाहावे. पाणी थोडे-थोडे आणि नेमाने द्यावे. काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी ते पूर्ण तोडावे, मग कितीही दया आली तरी.

खताच्या बाबतीत हौशी माळी दोन टोकांना असतात. एक गट काहीच घालत नाही, दुसरा गट दर रविवारी जीवामृत, शेणस्लरी, युरिया यातले काही ना काही ओतत राहतो. दुसऱ्या गटाचे कांदे जास्त बिघडतात. राजगुरुनगरची रब्बीसाठीची शिफारस हेक्टरी ११० किलो नत्र, ४० स्फुरद, ६० पालाश आणि ४० गंधक अशी आहे. एका चौरस मीटरला हिशेब केला तर नत्र ११ ग्रॅम, स्फुरद आणि गंधक प्रत्येकी ४ ग्रॅम, पालाश ६ ग्रॅम. नत्राचा एक हिस्सा लावताना, बाकीचा महिन्याने आणि दीड महिन्याने. साठ दिवसांनंतर नत्र द्यायचे नाही, हा नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. उशिरा दिलेल्या नत्राने रोप पुन्हा पाने काढू लागते, मान जाड राहते आणि असा कांदा साठवणीत टिकत नाही. गंधकाचा विसर घरच्या बागेत हमखास पडतो. कांद्याचा झणझणीतपणा गंधकाच्या संयुगांतून येतो. डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार करणारे विकर २००२ साली जपानी संशोधकांनी शोधले, आणि त्या वायूच्या रेणूतही गंधक आहे. कोकोपीटवर वाढवलेला कांदा दिसायला छान पण चवीला पाणचट निघाला तर गंधक कमी पडले असण्याची शक्यता मोठी. लागणीच्या वेळी चौरस मीटरला पंचवीस ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मिसळले तर स्फुरद पूर्ण आणि गंधक बरेचसे भागते.

पिवळे शेंडे हे कांद्याचे सर्वांत फसवे लक्षण. कारणे निदान सहा आहेत आणि उपाय एकमेकांच्या विरुद्ध, म्हणून पान हातात घेऊन पाहिल्याशिवाय काही करू नये. आधी जुनी, बाहेरची पाने सगळी फिकट पिवळी पडत असतील आणि नवी पाने बारीक येत असतील तर नत्र कमी आहे. सगळीच पाने मलूल, रोप ओढले तर सहज येते आणि मुळे तपकिरी असतील तर पाणी साचले आहे. फक्त टोके करपलेली, कुंडीच्या कडेला पांढरा थर, आणि पाणी बोअरचे असेल तर क्षार. कांदा क्षारांना फार नाजूक आहे, अशा कुंडीला एकदा भरपूर गोडे पाणी देऊन क्षार खालून वाहू द्यावेत. पानावर चंदेरी ओरखडे असतील तर फुलकिडे. डाग असतील तर करपा. आणि काढणी जवळ आली असेल, माना पडू लागल्या असतील, तर ते नुसते पिकणे आहे, त्याला औषध नको. यातल्या बहुतेक वेळी लोक अधिक पाणी देतात, आणि दुसऱ्या प्रकारात तर त्यानेच रोप मरते.

फुलकिडे हा कांद्याचा सगळ्यांत चिवट शत्रू. शेतकरी त्यांना टाके म्हणतात. जेमतेम मिलिमीटरभर लांब, फिकट पिवळे, आणि राहतात कुठे, तर मधल्या कोवळ्या पानांच्या बेचक्यात, जिथे फवारा पोहोचत नाही. ते पान खरवडून रस शोषतात, म्हणून पानावर आधी चंदेरी-पांढरे ठिपके, मग पाने वाकडी आणि टोकाकडून वाळलेली. खात्री करायची तर पांढऱ्या कागदावर पात झटकावी, किंवा मधली दोन पाने हलकेच फाकवून उन्हात पाहावे. मादी अंडी पानाच्या पेशीत घालते आणि कोषावस्था मातीत जाते. म्हणजे एका वेळी निम्मी पिढी फवाऱ्याच्या कक्षेबाहेर असते. एक फवारणी करून ‘औषध लागू पडले नाही’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

फुलकिडे कोरड्या, उबदार हवेत भराभर वाढतात, फेब्रुवारीनंतर विशेषतः. पाऊस त्यांना धुऊन काढतो. त्यावरून घरच्या बागेला साजेसा पहिला उपाय निघतो: सकाळी झारीने किंवा पाइपच्या बारीक फवाऱ्याने पात वरून जोरात धुवावी, म्हणजे दुपारपर्यंत पाने कोरडी होतात. दुसरा उपाय पाच टक्के निंबोळी अर्काचा. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळावी, त्यात थोडे साबणाचे पाणी घालावे. कांद्याच्या पानावर मेणाचा थर असतो, साबण नसेल तर थेंब घरंगळून जातात. फवारणी संध्याकाळी, रोख मधल्या बेचक्यावर, आणि आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. निळे चिकट सापळे किडे किती आहेत ते कळायला उपयोगी पडतात, पण त्यांनी कीड संपते असे समजू नये. शेतात कांद्याभोवती आधीच मक्याची, आतून गव्हाची ओळ लावून आडोसा करतात. फुलकिडे स्वतःहून लांब उडत नाहीत, वाऱ्यावर येतात, आणि त्या भिंतीला अडतात. बागेतही वाऱ्याच्या बाजूला मक्याची एक दाट ओळ लावून पाहण्यासारखी आहे. फुलकिडे पूर्ण नाहीसे करण्याच्या मागे मात्र लागू नये. थोडे किडे असूनही कांदा नीट पोसतो.

ते वाढू दिले तर त्यांच्या जखमांतून करपा शिरतो, आणि तो अधिक वाईट. आपल्याकडे करपा तीन प्रकारचा. जांभळा करपा: पानावर आधी पांढुरका खोलगट ठिपका, मग मधे जांभळट होत लांबट वाढणारा डाग, आणि पान तिथे मोडते. तपकिरी करपा रब्बीत जास्त, पिवळट-तपकिरी पट्टे शेंड्याकडे पसरत जातात. काळा करपा खरिपातला, बुडख्याजवळ राखाडी डागांवर बारीक काळे ठिपके. खरिपातच पाने आणि मान पीळ पडल्यासारखी वळतात, लांब मानेची वाकडी रोपे होतात, तो पीळ रोगही त्याच बुरशीच्या कुळाशी जोडलेला आहे. या सगळ्यांना पान रात्रभर ओले राहिलेले हवे असते. त्यामुळे संध्याकाळी वरून पाणी देणे बंद करावे, दाटी कमी करावी, डागाळलेली पाने काढून बागेबाहेर टाकावीत, कंपोस्टात नको. त्याच वाफ्यात लागोपाठ कांदा-लसूण घेऊ नये, दोन-तीन वर्षे दुसरे पीक घ्यावे. शेतात मॅन्कोझेबसारखी बुरशीनाशके वापरतात. ज्या वाफ्यातली पात आपण उद्या खुडून खाणार, त्यावर ती मारू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. चार रोपे गेली तर जाऊ द्यावीत.

खरिपाच्या कांद्याचा एकंदर प्रश्नच निचऱ्याचा आहे. काळ्या मातीत, सपाट वाफ्यात, ऑगस्टच्या झडीत तो कुजतो. रोप पिवळे पडून उपटले आणि मुळांपाशी पांढरी बुरशी व मोहरीएवढे दाणे दिसले तर तेवढी माती उचलून टाकावी. वीतभर उंच गादीवाफा केला तर बरेचसे टळते. पहिल्यांदाच कांदा लावणाऱ्याने खरिपाच्या वाटेला जाऊ नये. रब्बीपासून सुरुवात करावी. हवा कोरडी, ऊन भरपूर, दिवस वाढत जाणारा, सगळे कांद्याच्या बाजूचे असते.

माना पडणे ही काढणीची खूण. शेवटची काही पाने पात्याविना आतच राहतात, मान पोकळ होते आणि पात आपल्या वजनाने लोळते. निम्म्या माना पडल्या की काढणी करावी. सगळ्या पडायची वाट पाहिली तर जमिनीतली ओल मानेतून शिरते. खरिपात मात्र नोव्हेंबर-डिसेंबरच्या उतरत्या दिवसांत, थंडीत, माना आपणहून पडत नाहीत. शेतकरी कांद्याला रंग चढला आणि पात पिवळसर झाली की रिकामा पिंप वाफ्यावरून फिरवून माना पाडतात आणि दोन-तीन दिवसांनी काढतात. बागेत तेच हाताने होते. मघाशी पात मोडू नये म्हटले ते वाढीच्या काळापुरते, हे त्याच्या विरुद्ध नाही.

काढल्यावर कांदा पातीसकट दोन-तीन दिवस जागेवर वाळवावा, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर येईल असा पसरून, म्हणजे सालीला ऊन चटकत नाही. मग तीनेक सेंटीमीटर मान ठेवून पात कापावी आणि दहा-पंधरा दिवस सावलीत वाऱ्यावर सुकवावा. मान अगदी तळाशी कापली तर तिथून सड शिरते. किंवा पात कापूच नये, अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या वेणीसारख्या माळा करून टांगतात तसे करावे. घरच्या पाच-दहा किलोंसाठी याहून चांगली साठवण नाही.

साठवणीतली मोठी चूक फ्रिजची. कांद्याला कोंब फुटायला दहा ते वीस अंशांचे तापमान सर्वांत मानवते, आणि पंचवीस-तीस अंशांच्या कोरड्या हवेत तो उलट झोपून राहतो. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कांद्याला थंडावा आणि दमटपणा दोन्ही मिळतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत, बटाट्याशेजारी, ओट्याखालच्या बंद कपाटात ठेवला तरी ओल धरतो आणि सालीखाली काळी भुकटी दिसू लागते. ही काजळी बुरशीची आहे. ती वरच्या सालीपुरती असेल तर साल काढून, धुऊन कांदा वापरता येतो. आत उतरली असेल, वास येत असेल, तर टाकून द्यावा. रब्बीच्या टिकाऊ जाती चार ते सहा महिने राहतात. खरिपाचा कांदा महिना-दीड महिन्यात संपवायचा असतो, तो कितीही सुकवला तरी. निवड करताना जोड, जाड मानेचे, डेंगळलेले आणि खुरप्याचा घाव लागलेले कांदे आधी वेगळे काढून रोजच्या स्वयंपाकाला घ्यावेत, आणि बारीक मानेचे, एका डोळ्याचे, दोन-तीन सालींचे कांदे माळेत टांगावेत. माळ पावसाळ्यात दर आठवड्याला हात लावून चाचपावी. एखादा मऊ लागला तर त्याच दिवशी काढावा, कारण त्याचे पाणी खालच्या कांद्यांवर उतरते.